लाकडी हाताचं माप

“तपासायचंच असेल तर आधी मला तपासा, लेकीच्या पोटातल्या जिवाला मागून,” असं ती डॉक्टरांना म्हणाली होती.

हातमोज्यांच्या कारखान्यात ती तपासणीवर होती. पट्ट्यावरून आलेला मोजा लाकडी हातावर चढवून बघायचा, असा नियम. लाकडी हाताची बोटं लांब, निमुळती. तिची आखूड, रुंद. ती मोजा स्वतःच्याच हातात घालायची, मूठ वळायची, उघडायची. मुकादम ओरडायचा, “बाई, माप लाकडाचं आहे, तुझं नाही!”

“मग लाकडालाच विका.”

सगळे तिला ‘टोला’ म्हणत. तिच्याकडून उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

लेकीला पाचवा महिना होता. तपासणीत निघालं की बाळाच्या एका गुणसूत्राचा मधला तुकडा उलटा बसलाय. त्यानं काय होईल, डॉक्टरांना सांगता येईना. “आमच्याकडच्या नमुन्यांत असं कुणाचंच नाही,” एवढंच ते म्हणाले.

विहीणबाईंनी पदर सावरला. “मग वाट कसली बघायची? अजून वेळ आहे. मोकळी करा पोरीला. पुढचं धडधाकट होईल.”

जावई बुटांकडे बघत राहिला. लेक भिंतीकडे. तेव्हा ती ते ‘आधी मला तपासा’ बोलली.

तसाच उलटा तुकडा लेकीत निघाला. तिच्यातही निघाला.

“म्हणजे घराण्यातच आहे,” विहीणबाई म्हणाल्या.

“आहे ना. आणि घराणं तुमच्यासमोर बसलंय, जेवून-खाऊन.”

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “तुमच्या नात्यातली नकोत, पण ताडून बघायला तुमच्याच मुलखातली माणसं मिळतील?”

न मिळायला काय झालं! कारखान्यातला अर्धा पट्टा तिच्याच डोंगराकडून कामासाठी खाली उतरलेला. जेवणाच्या सुट्टीत ती बायकांपुढे उभी राहिली.

“रक्त द्यायचंय.”

“कुणासाठी गं?”

“नातवंडासाठी.”

“आजारी आहे?”

“जन्मलंच नाही अजून. आत्तापासून नापास करायला बसलेत.”

एकीनं घास गिळला, बाही वर केली. “चल. सुई मोठी असली तर आधी तुझ्या विहिणीला टोचू.”

मग वाट बघणं आलं. लेक माहेरी येऊन राहिली, खिडकीशी बसायची, पोटावर हात ठेवायची आणि भाजल्यासारखा काढून घ्यायची. आत, उजेड न पाहिलेल्या पाण्यात, तो जीव वळत होता. आपल्याला कुणाशी ताडून बघताहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती कामावरून आली की लेकीचा तो काढलेला हात पुन्हा जागेवर नेऊन ठेवायची.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून घेतलं. “निम्म्या बायकांत हाच तुकडा असाच उलटा आहे,” ते म्हणाले. “आम्ही ज्यांच्याशी ताडून बघतो, ती सगळी खालच्या शहरांतली माणसं. तुमच्याकडचं कुणी त्यांत घेतलंच नव्हतं, म्हणून आम्हाला हे दुर्मीळ वाटलं. तुमच्यात ते सर्रास आहे, आणि त्यानं कुणाचं बिघडलेलं दिसत नाही. बाळाला या तुकड्याचा धोका आहे, असं मला वाटत नाही.”

लेकीनं तोंडावर हात दाबून धरला.

“ते खरं हो,” विहीणबाई म्हणाल्या, “पण शेवटी उलटंच ना? आमच्यात असलं कधी नव्हतं. दुसरीकडे दाखवू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीसुद्धा. आता टोला पडणार, म्हणून जावयानं मान खाली घातली.

ती उठली. लेकीची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि आखूड, रुंद बोटांचा हात पुढे केला. लेकीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग तो हात धरला. जावयासाठी दार उघडं ठेवून ती लेकीला घेऊन बाहेर पडली.