वरच्या बंद खोल्यांतून आलेला होकार

विद्यापीठाच्या उपकेंद्राने मला फसवलं. मुलींच्या वसतिगृहासाठी म्हणून माझ्याकडून जमीन घेतली आणि तिथे पाहुण्यांसाठी गेस्ट हाऊस बांधलं. ही गोष्ट आधी, बाकीची नंतर.

मी काजूचा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आता स्वतःचा कारखाना आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. तरीही हे लिहितोय.

आचऱ्याच्या अलीकडे, रस्त्यालगत माझी जमीन होती. माझी मुलगी नीता उपकेंद्रात शिकायची. प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जायची, राहायला जागा नाही... शेवटी तिने शिक्षण सोडलं. मिठबावच्या, तारकर्लीच्या किती मुलींचं तेच झालं. म्हणून मी भावाची घासाघीस सोडली, पण अट सोडली नाही — वसतिगृहच झालं पाहिजे.

अट कागदावर का घेतली नाही, असं वकील विचारतो. अहो, भूमिपूजनाला जागेच्या राखणदार देवासमोर नारळ ठेवला होता! गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान गावातल्या बापू गावकरांचा. "हय चेडवांचा वसतिगृह होवंदे रे म्हाराजा," असं त्यांनी म्हटलं आणि सगळे पुरुष "व्हय म्हाराजा!" म्हणाले. उपकेंद्राचे संचालकसाहेबही म्हणाले. त्यानंतर आमच्याकडे कागद कोण मागतो?

गेस्ट हाऊसचं उद्घाटन भर सकाळी होतं. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि लाइट गेली. माइक बंद. माझं डोकं आधीच तापलं होतं. उभा राहिलो आणि गाऱ्हाणंच घातलं —

"बा देवा राखणदारा! ही जागा शिकणाऱ्या चेडवांका रवाक म्हणान दिललंय. हेंनी पावण्यांचा घर बांधल्यानी. आमका फसवल्यानी काय नाय, तूच सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज वरच्या मजल्यावरून आला. एक नव्हे, कितीतरी. सगळे मुलींचे.

हॉलमध्ये कोणाचं तोंड उघडलेलं नव्हतं. शिपायाने किल्ल्या आणल्या, आम्ही सगळे वर गेलो. प्रत्येक खोलीला कुलूप होतं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या गाद्या, खिडक्या बंद. बाकी काही नाही.

बापू जिन्यावरच बसले. "अरे, बायलमाणसां गाऱ्हाण्यात व्हय म्हाराजा म्हणनत नाय. ह्यां काय आयकलंय मी?"

"इको होता," साहेब म्हणाले.

"इको चेडवांच्या आवाजात येता?" मी विचारलं. "बोललंय तर मी!"

गाऱ्हाण्याच्या वेळी नीता माझ्या शेजारीच बसली होती, ओठ घट्ट मिटून. घरी येताना गाडीत हळूच म्हणाली, "बाबा, त्यात एक आवाज माझो होतो."

मीही तो ओळखला होता. मेलेल्या माणसांचे आवाज असते तर शांती करून घेतली असती. पण शिक्षण सुटलेल्या या मुली जिवंत आहेत, आपापल्या घरी आहेत. त्यांचे आवाज तिथे कसे आले, मला माहीत नाही. कोणी सांगू शकलेलं नाही.

त्याचा उलगडा झाला नाही तरी चालेल. पण संचालकसाहेब, नारळासमोर तुम्हीही होकार दिला होतात. वरच्या खोल्यांतून उत्तर आलं, आता तुमचं येऊ दे... मुलींनी राहायचं कुठे?