जळायचं तर समोर बसून

बाय सीवूड्सच्या मॉलमध्ये खरेदीला कधीच जायची नाही, ती तिथे चालायला जायची. आगरी पद्धतीने घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्यात सोन्याच्या माळा, मनगटात पाटल्या आणि पायात पोपटी रंगाचे स्पोर्ट्स शूज. दुकानांची शटरं नुकती वर जात असायची, पोछा मारणाऱ्या मुली बादल्या घेऊन फिरत असायच्या, आणि बाय या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चालायची, की मॉलचा सातबारा तिच्याच नावावर असावा. "रस्त्यान कुतरी हायत, खड्डे हायत, रिक्षेवाले हायत," ती म्हणायची. "हितं लादी बग कशी गुलगुलीत. न् एसीचा वारा फुकट." वॉचमन तिला सलाम करायचे. त्याच दारात मला मात्र पर्स उघडून दाखवावी लागायची.

मी बायवर जळायचे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळं त्याचंच आहे.

तिचं खरं नाव वेगळं, पण अख्ख्या तळवली गावात ती बाय. आमची ओळख नेरूळच्या एका हॉस्पिटलात झाली. वजन उतरवायचं ऑपरेशन, म्हणजे पोट कापून लहान करायचं, दोघींचं एकाच दिवशी झालं आणि खाटा शेजारी-शेजारी आल्या. मी जुईनगरची, मूळची साताऱ्याकडची, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. शुगर, बीपी, गुडघे, सगळं पन्नाशीच्या आतच गाठीला बांधलेलं. बाय साठीची. शेती शहरात गेली, उरलेल्या तुकड्यावर मुलांनी बिल्डिंग बांधली, भाडं येऊ लागलं आणि तिच्याच शब्दांत, "बसून बसून मी पन बिल्डिंग झाली."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, उठा आणि चाला. मी पोटाशी उशी धरून 'आई गं' करत होते. बाय सलाईनचा स्टँड ओढत पॅसेजमधून फेऱ्या मारून आली आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारू लागली, "पानी पचला का गो?" मला पाण्याच्या एका घोटाने मळमळत होतं, आणि हिला चांगला खणखणीत ढेकर आला. त्या ढेकरावर मी जळले. पोट कापून एवढंसं केलं, तरी पोटात दुखायची जागा काही कमी झाली नव्हती.

पुढे तपासणीला आम्ही दर महिन्याला भेटायचो. बायच्या बोटात सासूची जाडजूड अंगठी होती. वजन उतरायला लागल्यावर ती सैल झाली. सोनाराकडून लहान करून घ्यावी, तर बाय म्हणे, "सासूचा सोना कापू? उद्या सपनान येल ना मारायला." म्हणून ती अंगठीला खालच्या बाजूने दोरा गुंडाळायची, आणि तो कार्यक्रम बरोबर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून करायची. पिशवीतून रीळ काढायचं, अंगठी उतरवायची, दोरा गुंडाळायचा, दातांनी तोडायचा, मग अंगठी बोटात घालून हात लांब धरून बघायचं. "परत ढिल्ली झाली, मास्तरीन." मी मास्तरीण नाही, क्लार्क आहे, असं मी तिला अनेकदा सांगितलं. शाळेत जाते ती मास्तरीण, यावर ती ठाम होती. माझी लग्नातली अंगठी तर साबण लावूनही निघत नव्हती.

सुरुवातीला माझंही वजन भराभर उतरलं. ड्रेस आत घेता घेता शिंपी कंटाळला. मग एके दिवशी काटा ब्याण्णववर येऊन थांबला. आठवडा गेला, महिना गेला, ब्याण्णव हलेना. पाहुणा म्हणून आला आणि रेशनकार्डात नाव घालून बसला. आमचे हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी, पोती तोलण्यात जन्म गेलेला. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "एकदा आमच्या काट्यावर चढून बघ. बारदान वजा करून सांगतो." त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

आहाराच्या मॅडम म्हणाल्या, असं होतंच. शरीर नव्या वजनाला सरावतं, मध्येच थांबतं. अंडी, डाळी वाढवा, चालणं वाढवा, धीर धरा. धीर कसला धरणार! समोर बाय दोरा गुंडाळत होती.

मग मी धीर सोडला आणि बासुंदी धरली. लहान केलेल्या पोटात भाकरी दोन घासांत अडते, पण बासुंदी आणि आइस्क्रीम सुर्रकन खाली जातं. आमच्यातल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कळतंच, मला जरा लवकर कळलं. चालणं बंद झालं, तपासणीला जाणंही. नाहीतरी उतरत नाही, मग निदान गोड तरी खावं. ब्याण्णवचे चौऱ्याण्णव झाले तेव्हा काटा पलंगाखाली ढकलला. हे ऑपरेशन मी सासर-माहेर दोन्हीकडे भांडून करून घेतलं होतं. 'तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापावं लागलं नसतं,' असं सगळे म्हणाले होते. वजन परत भरून आलं असतं तर त्या सगळ्यांचं खरं झालं असतं आणि बंद झालेली शुगरची गोळी पुन्हा सुरू झाली असती. मला ते कळत होतं, आणि कळत असतानाच वाटी चाटूनपुसून रिकामी होत होती.

मी दिसेनाशी झाले तेव्हा एका रविवारी बाय जुईनगरला आमच्या दारात उभी राहिली. तीन जिने चढून आली होती आणि कठड्याला धरून धापा टाकत होती. आत आली, पाणी प्यायली, आणि कुणाच्याही घरात जाऊन करू नये ते तिने केलं. सरळ फ्रीज उघडला. बासुंदीचं पातेलं कलतं करून बघितलं.

"कोनाचा वाढदिवस हाय?"

"कुणाचा नाही."

"मंग ह्या काय?"

"बाय, तुमचं बरं आहे," मी म्हणाले. "तुमचं उतरतंय, माझं नाही उतरत. मला तुमच्याकडे बघवतसुद्धा नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. बायने फ्रीजचं दार लावलं, खुर्चीत बसली, पदराने मान पुसली.

"तू माज्याव जलतंस, मना ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्या दिसापासून ठाव हाय. जल ना. पन घरान बसून, बासुंदी खात जलशील तं त्याचा काय उपेग? जलायचा तं समोर बसून जल. उद्या सकाली सीवूडला ये."

तिने माझी समजूत घातली असती तर मी तिच्यामागे आणखी एक वाटी खाल्ली असती. पण हे असं म्हटल्यावर जाणं भागच होतं.

मॉलमध्ये ती पुढे चालायची आणि मी मागे. तिच्या पाठीकडे बघत, दात-ओठ खात चालायचे. राग चांगला चालवतो, हे तिथे कळलं. थांबावंसं वाटायचं तेव्हा ते पोपटी बूट पुढे दिसायचे आणि पाय आपोआप उचलले जायचे. चालून झालं की स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसून ती डबा उघडायची. उकडलेली अंडी, नाहीतर भाजलेला सुका बोंबील. "पयला ह्या खा, मंग बाकीचा." मी साताऱ्याची, आम्हाला मटणातलं कळतं. सुका बोंबील मी आयुष्यात पहिल्यांदा त्या कट्ट्यावर, नाक मुरडत खाल्ला. दुसऱ्या वेळी मागून घेतला.

एकदा मॉलमधल्या बाकावर टेकलो असताना माझं कानातलं निसटलं आणि बाकाखाली गेलं. मी खाली बसले, वाकून ते काढलं आणि उठून कानात घालू लागले. बघते तर बायचा चेहरा उतरलेला.

"परत बस," ती म्हणाली.

"काय?"

"खाली बस न् परत उठ."

मी बसले, उठले.

"हात नाय टेकलास." तिचा आवाज बारीक झाला होता. "त्या दिशी दवाखान्यान पन अशीच उठलीस. तुजा पेन परला व्हता. मी घरी जाऊन जेवली नाय."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. बाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला लांबलचक गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ते गाणाऱ्या बाईला भटजीच्या आधी मान असतो. बायला सगळे धवले तोंडपाठ होते. ते गायचे नवरीच्या पाटाशेजारी, जमिनीवर मांडी घालून. वजन वाढलं तसं तिला खाली बसता येईना. बसलीच तर चौघींनी धरून उठवावं लागे. मग लाल प्लास्टिकची खुर्ची आली. सगळ्या बाया खाली आणि ही एकटी खुर्चीत. मध्येच धाप लागली की पोरी डीजेवाल्याला खूण करायच्या. नातीचं लग्न ठरत होतं. तिच्या हळदीत खाली बसून गायचं, एवढ्यासाठी तिने साठीत पोट कापून घेतलं होतं.

"मग तुमचं तर एवढं उतरलंय," मी म्हणाले. "अंगठी केवढी सैल झाली!"

"बोटच बारीक झाला गो. बाकी काय नाय हालत. माजा काटा तुज्या आदी अडाकला."

"मग माझ्यासमोर बसून दोरा का गुंडाळायच्या?"

"तुजा त्वांड बगायला," बाय म्हणाली. "तू जललीस का मना बरा वाटायचा. मंग घरी जाऊन जास्ती चालायची मी."

इतके महिने मी एका बोटावर जळत होते! संताप आला आणि हसूही आलं. मला हसताना बघून तीही हसू लागली, अगदी माळा हलेपर्यंत.

त्यानंतर शाळा सुटली की मी रिक्षाने तळवलीला जायला लागले. तिच्या ओटीवर आम्ही पाटांची चळत लावायचो. त्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं. जमलं की वरचा एक पाट काढून टाकायचा. बायला एकेक पाट काढायला फार दिवस लागले. मी मुद्दाम तिच्यासमोर थेट लादीवर बसायचे आणि झटक्यात उठायचे.

"जळा," मी म्हणायचे.

"जलतंय," ती घामाघूम होऊन म्हणायची आणि पुन्हा बसायची.

मधल्या काळात मी पलंगाखालून काटा बाहेर काढला होता. चौऱ्याण्णवचे पुन्हा ब्याण्णव झाले आणि एका सकाळी एक्याण्णव दिसले. मी तीनदा उतरून चढून बघितलं. धावत बायला फोन केला. "बरा झाला," असं तुटक म्हणून तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला आनंद एक्याण्णवचा जास्त झाला की तिच्या त्या गप्प बसण्याचा, हे अजून ठरवता आलेलं नाही.

नातीच्या हळदीला मांडवात पाऊल ठेवायला जागा नव्हती. नातवाने सवयीने लाल खुर्ची आणून ठेवली होती. बायने ती पायाने मागे सारली आणि नवरीच्या पाटाशेजारी हळूच खाली बसली. मांडी पडली तेव्हा पुढच्या बायका बोलायच्या थांबल्या. मग तिने धवला उचलला. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण आवाज कुठे अडखळला नाही आणि डीजेवाल्याला कुणी खूण केली नाही. गाणं संपल्यावर ती एकदा पुढे झुकली आणि उठली. हात टेकला नाही. उभी राहिल्यावर तिने गर्दीत मला शोधलं आणि भुवया उडवल्या. बायका तिच्या पाया पडायला धावल्या. माझ्या एक्याण्णवचं तिथे कुणाला काय पडलं होतं? माझे डोळे भरून आले होते आणि तरीही मी जळत होते.

पुढच्या पावसाळ्यात बाय तापाने गेली. चार दिवसांचं निमित्त झालं. तिला न्यायच्या वेळी तळवलीचा रस्ता माणसांनी भरून गेला होता. इतकी माणसं माझ्यासाठी येणार नाहीत, असं रडता रडता माझ्या मनात आलं. दहाव्याला नात भेटली. सासूची अंगठी तिच्या बोटात होती. दोरा काढून टाकला होता, तिला ती तशीच बरोबर बसत होती. घरी येताना मला त्या दोऱ्याची फार आठवण आली.

मग मी मॉलमध्ये गेले नाही. समोर पाठ नसेल तर चालायचं कुणाच्या मागे? काटा पुन्हा अडकला. बासुंदीवाल्याच्या दुकानासमोरून जाताना पाय रेंगाळायला लागले. तपासणीची तारीख आली तेव्हा न जाण्याचंच ठरवलं होतं. यांनी रिक्षा बोलावून ठेवली, म्हणून गेले.

बाहेरच्या बाकांवर एक नवी बाई होती, माझ्याच वयाची, चांगली भरलेली. माझं मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकत होतं, त्याच्याकडे ती टक लावून बघत होती. ती नजर मी कुठेही ओळखली असती. शेवटी तिला राहवलं नाही.

"तुमचं बरंय हो," ती म्हणाली. "तुमचं उतरलं. माझं बघा, दोन महिने झाले, काटा हलायचं नाव नाही. मी आता येणारच नाहीये इथे."

माझाही काटा अडकलाय, हे ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पर्समधून पेन काढलं आणि हातातून सोडून दिलं. मग सावकाश खाली बसले, लादीवर मांडी घातली, पेन उचललं आणि हात न टेकता उठले. तिचा चेहरा असा झाला, की त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

"जळायचं तर समोर बसून जळा," मी म्हणाले. "उद्या सकाळी सीवूड्सच्या मॉलमध्ये या. मी चालायला असते."

ती रागाने लाल झाली. पिशवी उचलून उठली. मला वाटलं, निघाली. पण ती दोन बाक ओलांडून आली आणि बरोबर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.