झाकणावरचं नाव

फाल्गुन लागला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. दारातला कडुनिंब पानं गाळायला लागतो आणि पुण्याला राहणारी आमची लेक इथलं घर आवरायला लागते. आवरते ती तिथूनच, फोनवरून. मी फोन माठाला टेकवून ठेवायचा आणि एकेक वस्तू तिच्यापुढे धरायची. ती म्हणणार, ठेव, नाहीतर देऊन टाक. नियमही तिचाच: वर्षभर ज्याला हात लागला नाही ते घराबाहेर. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, वर्गात माझ्या शब्दापुढे जायची कोणाची टाप नव्हती, आणि आता हातात तुटकी किसणी धरून मी पोरीच्या निकालाची वाट बघत उभी असते.

यंदा तिने नवी युक्ती काढली. जे नको त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचं, 'पहिला सांगेल त्याला', आणि वस्तू दारातल्या ओट्यावर ठेवायची. ज्याला हवी तो घेऊन जाईल. मला हे पटलं. भंगारवाल्याशी घासाघीस नको आणि कोणाच्या उपकारात राहायला नको. दोन रविवारांत दोन खुर्च्या, एक मिक्सरचं भांडं आणि ह्यांची व्यायामाची बैठी सायकल गेली. सायकल गेली तेव्हा हे जरा वेळ फाटकापाशी उभे होते. त्या सायकलवर ते एकदाही बसलेले मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या रविवारी माळ्यावरून स्टीलचा एक डबा निघाला. आत ह्यांचे जुने चार्जर. बारीक पिनांचे, जाड पिनांचे, ज्यांचे फोनसुद्धा आता कुठे बघायला मिळत नाहीत असे. एखादा कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ह्यांनी ते सापाच्या वेटोळ्यांसारखे गुंडाळून जपले होते. लेक म्हणाली, सगळं दे. मी चार्जर पिशवीत ओतले, डबा पुसला, चष्मा न लावताच फोटो काढला आणि टाकून दिला. 'स्टीलचा डबा, झाकणासकट, चांगल्या स्थितीत. पहिला सांगेल त्याला.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'मला पाहिजे.' शेजारच्या वहिनींचं होतं.

मी लिहिलं, 'ओट्यावर ठेवते, कधीही न्या,' आणि खाली एक हसरा चेहरा चिकटवला. मग त्याच दुपारी कुरडयांसाठी गहू भिजत घातले.

या वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या सटाण्याकडच्या. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. कडुनिंब माझ्या अंगणात आणि त्याची पानं, काड्या, लिंबोळ्या सगळं त्यांच्या अंगणात. वीस वर्षं त्या ते झाडतात, कधी अवाक्षर काढलेलं नाही. त्यांच्या जास्वंदीची एक फांदी माझ्या बाजूला वाकली तेव्हा मी मात्र कात्री घेऊन गेले होते. असा माझा स्वभाव. त्या मला मॅडम म्हणतात आणि माझ्या रागाला हसतात. दर वर्षी कुरडया आम्ही दोघी मिळून करतो, कारण हे एकटीचं काम नव्हे. उकळत्या पाण्यात एकीने गव्हाचा चीक ओतायचा, दुसरीने हात न थांबवता हाटायचा. जरा उसंत घेतली की गुठळ्या झाल्याच.

गहू तीन दिवस भिजतात. दर वर्षी त्या तीन दिवसांत वहिनी भिंतीवरून दहादा विचारतात, पाणी बदललं का, वास आला का. यंदा सोमवारी विचारलं नाही, मंगळवारी नाही. डबाही ओट्यावर तसाच होता. मला वाटलं, पाहुणे असतील. हवा होता तर न्यायला काय झालं, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवारी मी गहू वाटायला बसले होते. हे पेपर घेऊन आत आले तो दुसऱ्या हातात तो डबा. म्हणाले, याच्या झाकणावर नाव आहे, वाचलंस का? मी चष्मा लावला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एका बाईचं नाव आणि त्याखाली 'सटाणा'. आमच्या अख्ख्या गल्लीत सटाण्याचं दुसरं कोणी नाही.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर या डब्यातून आम्हाला जेवण येत होतं. मऊ मुगाची खिचडी, कधी मेथी, कधी नुसतं गरम वरण. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून मी रोज डबा धुऊन त्यात काहीतरी घालून द्यायचे. चार लिंबं, मूठभर शेंगदाणे, अगदीच काही नसलं तर साखर. शेवटचा डबा आला तेव्हा मात्र वाटलं, महिनाभराच्या जेवणानंतर साखर काय द्यायची? काहीतरी चांगलं करून भरून देऊ. लाडू म्हणावे तर माझे लाडू फोडायला बत्ता लागतो. द्राक्षं द्यावी तर ती इथे नाशकात कोणाला नवलाची? आज देऊ, उद्या देऊ करता करता डबा फडताळात गेला, तिथून माळ्यावर गेला, आणि ह्यांनी त्यात चार्जर भरले. मग मीच तो फुकट न्या म्हणून साऱ्या गल्लीला दाखवला, आणि जिचा होता तिने तो मागून घेतला.

त्या दिवशी भिंतीपाशी जायचं धाडस मला झालं नाही. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या, पण 'चुकलं माझं' हे दोन शब्द माझ्या जिभेला कधी लागले नाहीत. आणि भीती वाटत होती ती खरी सांगते: या वयात अशी शेजारीण गेली तर दुसरी मिळायची नाही.

गुरुवारी सकाळी चीक थांबणारा नव्हता. रात्रभर खाली बसलेला, आज शिजवला नाही तर आंबून वाया. हे मदतीला येतो म्हणाले, पण त्या खुब्याने ते ओणवे कसे होणार? मी एकटीच एका हाताने ओतत होते आणि दुसऱ्या हाताने हाटत होते. व्हायचं तेच झालं. बोराएवढ्या गुठळ्या. पातेल्यासमोर उभी राहून मला रडू आलं, आणि ते काही नुसतं गुठळ्यांचं नव्हतं.

मग डोळे पुसले, डबा घेतला आणि तो गरम चीक त्यात भरला. वरून तेल सोडलं, जिऱ्याची चिमूट टाकली. याहून वाईट पदार्थ मी जन्मात कोणाला दिला नसेल. पण गरम होता, आणि आणखी चांगल्याची वाट बघत बसायला मला आता तोंड नव्हतं.

वहिनी अंगणात होत्या, माझ्याच झाडाची पानं झाडत. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांनी खराटा भिंतीला लावला. डबा दोन्ही हातांत घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला. "मायना डबा शे तो," त्या म्हणाल्या. आईचा डबा. एरवी माझ्याशी त्या नाशिकचं मराठी बोलतात, ही त्यांची माहेरची बोली होती. हे त्या मला सांगत नव्हत्याच.

मी विचारलं, मग ग्रुपवर माझा आहे असं का नाही लिहिलं?

"सगळी गल्ली वाचते ना मॅडम. तुमाला कसं वाटलं असतं?" त्या म्हणाल्या. "अन् दुसऱ्या कोणी आधी मागितला असता तर गेलाच असता. म्हणून पटकन लिवलं."

डबा न्यायला मात्र त्यांचे पाय निघाले नव्हते. आपलं काही त्या घरात नको झालं असेल, असं त्यांना चार दिवस वाटत राहिलं होतं. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मग झाकण काढलं, बोटाने चीक चाखला आणि म्हणाल्या, "एकटीनं हाटला व्हय?" मी मान हलवली. त्यांनी पदर खोचला आणि माझ्या आधी माझ्या स्वयंपाकघरात पोचल्या. उरलेला चीक आम्ही पुन्हा चुलीवर चढवला, गुठळ्या दाबून दाबून फोडल्या. गच्चीवर सोऱ्या फिरवताना वहिनी गुठळीगणिक एकदा हसत होत्या आणि मी एकदाही चिडले नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माळा राहू दे यंदा.

पाडव्याला सकाळी मी गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा काढत होते. झाड पांढऱ्या बारीक मोहोराने भरलं होतं आणि वाऱ्याची झुळूक आली की तो सारा भिंतीपलीकडे पडत होता. पलीकडून वहिनींनी हाक मारली. त्यांच्या हातात तोच डबा होता. झाकण उघडून दाखवलं तर आत निंबाची फुलं, निवडून, गूळ घालून तयार केलेली. माझ्याच झाडाची, त्यांच्या अंगणात पडलेली.

त्यांनी डबा भिंतीवर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही. "पहिला सांगल त्याला," त्या म्हणाल्या.

गल्लीत दोन-तीन दारांत लोक गुढ्या उभारत होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं, "मला पाहिजे."