वहिनीने दार का लावलं होतं

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. कशेळ्याला एसटीतून उतरले आणि घरी पोहोचायच्या आतच मला वहिनीचा संशय आला...

झालं असं की पावसाआधी कौलं परतायला दादा छपरावर चढला आणि घसरून डोक्यावर पडला. तीन आठवडे मुंबईच्या इस्पितळात काढून तो नुकताच घरी आला होता. मी तेव्हा पनवेलला शिक्षिका. परीक्षा, पेपर, निकाल यांतून सुटून आता कुठे निघाले होते.

स्टँडवरच शेजारच्या ताराकाकूंनी गाठलं. "तुजी वयनी कुनाला आत सोडीत नाय गं. दार लावून बसलीय. काय हाय ते तूच बग."

आई-बाबा गेल्यावर दादा हेच माझं माहेर. त्याचं डोकं कामातून गेलंय आणि ही ते आमच्यापासून लपवतेय, असंच माझ्या मनाने घेतलं.

घरात शिरले तर खिडकीला गोणपाट, खोलीत अंधार. दादा मला बघून हसला. पण मी खाटेवर टेकते न टेकते तोच वहिनी म्हणाली, "वन्सं, पाच मिनिटंच बसा. जास्त बोलायचं नाय, डॉक्टरांनी सांगितलंय."

असं कुठला डॉक्टर सांगतो? डोक्याला मार लागलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे तर शेंबडं पोरही सांगेल...

शिवाय ती त्याला सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी द्यायची, आणि तो दिवसभर पेंगायचा. फिट येऊ नये म्हणून आहे, म्हणाली. माझा स्वभाव मुळातला संशयी, त्यात वर्गातल्या पोरांच्या थापा ऐकून पक्का झालेला. मी गुपचूप बाटलीतल्या गोळ्या मोजायला लागले. दिवसाला दोनच कमी व्हायला हव्यात. तिसरी कमी दिसली की तिला धरायचं, असं ठरवूनच टाकलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दादाला गोळी देऊन वहिनी धुणं घेऊन नदीवर गेली. मी आधी बाटली मोजली. बरोबर होती, याचंच मला वाईट वाटलं... मग खिडकीवरचं गोणपाट काढलं आणि चक्क दादाची परीक्षा घ्यायला बसले.

मी कोण? आपल्या बैलांची नावं काय? सतराचा पाढा म्हण. आत्याच्या लग्नात तू कुठून पडला होतास? दादा अडखळत होता, कपाळ चोळत होता, पण सगळं बरोबर सांगत होता. मला रडूच आलं. माझा दादा होता तसाच होता! आणि वहिनीचा आणखीच राग आला. मग हा दार लावण्याचा खटाटोप कशासाठी?

मी ताराकाकूंना हाक मारली. त्यांच्यामागून अख्खी आळी आत आली. आपल्याकडे समाचाराला आलेला माणूस दुसरं काही विचारतच नाही. "वळखलंस का रं? सांग बगू, मी कोन?" सात-आठ जणांनी विचारलं, आणि दादा बिचारा एकेकाचं नाव सांगत गेला.

मग त्याचा डावा हात उडायला लागला. मग मान... मग सगळं अंग.

नदीवरून परतलेली वहिनी अंगणातच धुण्याची बादली टाकून धावत आत आली. तिने त्याला कुशीवर वळवलं, सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दूधवाल्याच्या टेंपोतून दादाला कर्जतला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. इंजेक्शन देऊन त्याला झोपवल्यावर त्यांनी मला समजावलं, तेही लग्नातल्या पंगतीवरून.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात म्हणजे एकमेकींपुढे एक रसायन वाढतात. पण नुसतं वाढून भागत नाही. आजूबाजूला दुसऱ्या पेशी असतात, त्या उरलेलं रसायन लगेच उचलतात, साफसूफ करून परत वाढणारीच्या हाती देतात. "आम्हाला कॉलेजात त्यांना नुसता भराव म्हणून शिकवलं," बाई म्हणाल्या, "आता आता कळायला लागलंय त्यांचं काम."

मार लागला की या उचलणाऱ्याच सुजतात, त्यांना काम झेपेनासं होतं. रसायन तसंच साचून राहतं, आणि पुढची पेशी आरडाओरडा करत सुटते... कधी त्यातच मरते.

"म्हणजे माझ्या प्रश्नांमुळे झालं?" मी विचारलं.

"ते ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण त्यांना शांतता हवीय, आणि तुमच्या वहिनी ती नीट सांभाळत होत्या."

मला तोंड वर करवेना.

दोन दिवसांनी घरी परतलो तर अंगणात आळी जमलेली. काय झालं, कशानं झालं? सगळ्यांसमोर माझं नाव येणार, म्हणून मी पदर घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "माज्याच हातनं सकाळची गोळी चुकली."

आणि मी गप्प बसले.

दादा दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागला आणि पुढे तीस वर्षं जगला. पण वहिनीवरचा तो ठपका काही पुसला गेला नाही. अगदी त्याच्या तेराव्यालाही कुणीतरी म्हणालंच, "तेवा हिनंच गोळी चुकवली व्हती." वहिनी समोरची ताटं उचलून आत गेली. मी तेव्हाही गप्पच...

आता ती पंचाहत्तरीला आलीय. कशेळ्याची निम्मी माणसं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून मुद्दाम इथेच लिहितेय.

त्या सकाळची गोळी चुकली नव्हती. मी मोजल्या होत्या.