हमीदभाईचा पंजा

शूटिंग लग्नाचं असो, बारशाचं असो नाहीतर फुटबॉलचं, हमीदभाई आधी कॅमेऱ्यापुढे स्वतःचा डावा पंजा धरायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "हमीद, राजुरा." मग हात बाजूला व्हायचा आणि त्या जागी नवरी दिसायची. फोटो धुण्याच्या औषधानं त्याची नखं काळी पडलेली. एका नवरीच्या बापानं हरकत घेतली, "मंगल कार्यात हे काळे नखं कायले?" हमीदभाई म्हणाला, "हे माही सही आहे. नको असंल तं दुसरा शूटिंगवाला पहा." राजुऱ्यात तेव्हा दुसरा नव्हता.

मी खाणीतला माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. लिहिणं माझं काम नाही. पण त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं माझ्या तोंडावर येऊन सांगावं.

आमच्या कॉलनीत फुटबॉलचं वेड होतं. हिवाळ्यात खाणीच्या मैदानावर टूर्नामेंट व्हायची. हमीदभाई लोखंडी स्टुलावर चढून शूटिंग करायचा. मैदानाची कड उतरती, म्हणून स्टूल मी धरायचो. त्या शूटिंगची कॉपी पप्पू केबलवाल्याकडे जायची. तो पंजा कापून मॅच दाखवायचा आणि खाली स्वतःच्या केबलचं नाव टाकायचा. मग दुसऱ्या दिवशी पप्पूच्या दुकानासमोर तमाशा.

"पोरगं माह्यं, अन् बारशात नाव तुह्यं काऊन बे?"

"हमीदभाई, तुमचा हात पाहून लोकं चॅनल बदलवते."

"बदलवू दे. हात ठेव."

पप्पूनं कधी ठेवला नाही. हमीदभाईनं भांडण कधी सोडलं नाही. म्हणूनच माझं त्याच्याशी जमलं असावं.

आता दिवाकरचं सांगतो. दिवाकर आमचा बॅक. उंच बॉल आला की सगळ्यांच्या वर त्याचंच डोकं दिसायचं. दोन हजार सालाच्या आसपासची फायनल, समोर बल्लारपूरची टीम. बॉल वरून आला, दिवाकर आणि त्यांचा एक पोरगा एकदमच उडाले. डोक्यावर डोकं बसलं. कोळशाच्या दोन डब्यांची टक्कर व्हावी तसा आवाज स्टुलापर्यंत आला. त्यांचा पोरगा रडत उठला. दिवाकर उठलाच नाही.

लोकांनी तोंडावर पाणी मारलं. कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. आमच्याकडे माणूस बेशुद्ध पडला की डॉक्टरच्या आधी कांदा येतो. दिवाकरनं डोळे उघडले, उभा राहिला. टाळ्या पडल्या. आणि तो सरळ चालत बल्लारपूरच्या गोलाजवळ जाऊन, आपला गोल राखावा तसा उभा राहिला. पब्लिक हसलं. कोणी ओरडलं, "दिवाकर, सासरवाडीले चालला का बे?"

हमीदभाई हसला नाही. डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता, तसाच तो ओरडला, "बाहेर काढा त्याले! अबे, त्याले आपला गोल कोणता ते समजून नाई राह्यलं! काढा बाहेर!" स्टूल माझ्या हातात थरथरत होतं. आमचा कॅप्टन जवळच होता. तो म्हणाला, "हमीदभाई, तुम्ही लग्नं पहा. फुटबॉल आमाले समजते." हमीदभाई ओरडतच राहिला.

पुढचा कॉर्नर दिवाकरनं डोक्यानंच मारला. गोल झाला. तो खाली आला आणि पाय दुमडून पडला. लोकांना वाटलं, आनंदानं पडला. त्याला खांद्यावर घेऊन नाचले. मान लोंबत होती. संध्याकाळी जीप करून नागपूरला नेत असताना वरोऱ्याजवळ तो गेला.

मग पप्पूनं ती मॅच दाखवायला सुरुवात केली, रोज. चहाच्या हॉटेलात लोक टीव्हीसमोर वाद घालायचे. एक म्हणे, बल्लारपूरच्या पोरानं कोपर मारलं. दुसरा म्हणे, दिवाकरला आधीपासूनच चक्कर यायची. तिसरा म्हणे, मर्दासारखा गेला, गोल करून गेला. हमीदभाईचं ओरडणं त्यात नव्हतं. शिव्या, गोंगाट घरात कशाला, म्हणून पप्पूनं कॉपीतलाच आवाज पुसून वर सिनेमाचं गाणं टाकलं होतं. आणि माणूस गेला आहे, निदान या वेळेस तरी मान द्यावा, असं वाटून की काय, खाली पट्टी टाकली : शूटिंग, हमीद.

इतकी वर्षं ज्यासाठी भांडला ते नाव टीव्हीवर आलं, ते असं.

दिवाकरची बायको सुनंदा हमीदभाईच्या फोटो स्टुडिओत आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"हमीदभाऊ, सारे खाली होते, तुम्ही स्टुलावर होते. तुम्हाले तं दिसलं असन. मंग एक हाक काऊन नाई मारली?"

"मारली, बहन. लय मारली."

"टीव्हीत तं नाई ऐकू येत."

मी म्हणालो, "बाई, मी ऐकलं." ती म्हणाली, "तुम्ही त्याईचे दोस्त." तिनं कॅप्टनला विचारलं, तर तो म्हणाला, गर्दीत काही ऐकू आलं नाही. तो दुसरं काय म्हणणार होता!

हमीदभाईनं मूळ कॅसेट शोधली. सापडली, पण तिच्यावर गडचांदूरचं एक लग्न भरलेलं होतं. कॉपी दिली की कॅसेट पुढच्या शूटिंगला वापरायची, हा त्याचा नेहमीचा रिवाज. आम्ही दोघांनी ते अख्खं लग्न पाहिलं. हळद, वरात, जेवणाच्या पंगती, नवरीचं रडणं. लग्न संपल्यावर शेपटाला मॅचचा थोडा तुकडा उरला होता. खांद्यावरचा दिवाकर आणि ढोल. ढोलाखाली कोणाचाच आवाज नव्हता. हमीदभाईनं कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली. मागं नेली, पुन्हा लावली. मग म्हणाला, "भाऊ, मीच पुसला माह्या हातानं."

तो पप्पूकडे गेला. या वेळी भांडला नाही. "नाव काढून टाक. हात नको, काहीच नको." पप्पूनं पट्टी काढली. लोकांच्या डोक्यातून मात्र ती निघाली नाही. रस्त्यानं जाताना पोरं म्हणायची, "तो पहा, माणूस मरून राह्यला अन् हा शूटिंग करून राह्यला."

त्यानंतर हमीदभाईनं कोणत्याच शूटिंगला पंजा धरला नाही. लग्न एकदम सुरू व्हायचं, कोणाचंच नसल्यासारखं. एकदा मी म्हणालो, "हात धर ना." तो म्हणाला, "कायचा हात, भाऊ? हात होता तं कॅमेरा सोडून मैदानात जाऊन ओढाचं होतं त्याले." कॅमेरा नंतर त्यानं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढं छातीत पाणी झालं आणि तो गेला. मयतीला कॉलनीतलं फारसं कोणी नव्हतं.

टूर्नामेंट आली की पप्पू अजून ती मॅच लावतो. मी हॉटेलात जाऊन बसतो. दिवाकर चुकीच्या गोलाजवळ जाऊन थांबला की मी उभा राहतो आणि गाण्याच्या वर आवाज चढवून ओरडतो, "बाहेर काढा त्याले! काढा बाहेर!" लोक म्हणतात, म्हातारा सरकला. म्हणू देत. बरोबर त्याच जागी ओरडतो, कारण बरोबर त्याच जागी तो ओरडला होता.

यंदा ओरडून खाली बसलो, तर दारात सुनंदा उभी होती, हातात भाजीची पिशवी.

"असेच वरडले का ते?"

"नाई, बाई. माह्या आवाजात तेवढा दम नाई. तो लय जोरात वरडला होता."

ती टीव्हीकडे बघत राहिली. दिवाकर उडाला, गोल झाला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. गाणं चालूच होतं.