तिसऱ्या माशाची जागा

गुलाम रसूल यांना मी फारसं ओळखत नव्हतो. त्यांचं मूळ गाव कोणतं, हेही कधी विचारलं नाही. लातुरात त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. शाळेत मास्तर असूनही मला लिहायची सवय नाही. तरी त्यांची काचेची पेटी डोक्यातून जात नाही.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. अंतराळात माणसं कायमची राहायला गेली तर त्यांचं घर कसं असावं, या विचारानं गुलामभाईंना पछाडलं होतं. तिथं बाहेरून काही मिळणार नाही. तीच हवा, तेच पाणी फिरवून वापरायचं. फ्रेमच्या पुठ्ठ्यांवर ते तसल्या घरांचे नकाशे काढत, खोडत. हे जमतं हे दाखवायला त्यांनी पेटीत पाणी, पाणवेली, गोगलगायी आणि दोन मासे ठेवले अन् वरच्या काचेच्या फटी लांबीनं, म्हणजे काच बसवायच्या लुकणानं, बुजवून टाकल्या. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत ती न उघडता जगायला हवी होती. गिऱ्हाईक बोलत असलं तरी ते उठून पेटीत डोकावत.

प्रदर्शन तोंडावर असताना शेजारच्या शांतम्मा तांब्या घेऊन आल्या. त्यांचा आड आटला होता. तांब्यात आडातला शेवटचा मासा होता.

"तुमच्याकडं पाणी हाय, ठेवा याला. खाणार न्हाई ना?"

"मासा खातो मी, शांतम्मा. पाहुण्याला न्हाई खात."

त्या गेल्यावर ते दुकानात येरझाऱ्या घालू लागले. "दोघांपुरतीच हवा हाय, मास्तर."

"मग बादलीत ठेवा."

"घरात एकच बादली पाणी हाय. घरवाली बेगमबी त्यातनंच सैपाक करती."

शेवटी त्यांनी चाकू घेऊन लांबी कापली, मासा आत सोडला, पेटी पुन्हा बुजवली. दोन दिवसांत तिन्ही मासे वर येऊन तोंड उघडू लागले. त्यांनी काच कायमची काढून टाकली. मासे जगले, प्रदर्शनात पेटी गेली नाही.

त्यानंतर प्रत्येक नकाशात ते एक माणूस जास्त धरू लागले. माणूस वाढला की झाडं वाढत, झाडं वाढली की पाणी. हिशेब जुळेना. "आलेल्याला परत कसं पाठवायचं?" एवढंच म्हणत अन् पुन्हा खोडत.

माझी मुदखेडला बदली झाली. निघताना दुकानात डोकावलो. ते नकाशावर वाकले होते. त्या वर्षी कुणाच्या दारी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं आम्ही सगळेच पाळत होतो.

"बसा मास्तर, चहा सांगतो."

"नको, आत्ताच घेतला."

"मग पुढच्या वेळी."

"हो."