नव्या भिंगाखालचं पान

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम आहेत. त्या भरभर चालतात, त्याहून भरभर बोलतात, आणि डब्यातली पोळी उभ्यानंच खातात. यंदा विज्ञान विभागाला नवी प्रयोगशाळा मिळाली. उद्घाटनाच्या सकाळी मोठ्या सूक्ष्मदर्शकाला रिबीन बांधून आम्ही पाहुण्यांची वाट पाहत होतो. तेवढ्यात एकोडी गावची एक शेतकरीण धानाचं डागाळलेलं पान घेऊन आली.

“मॅडम, वावरात बांधीतलं धान वाळून राहिलं. काहून?”

मॅडमनी सरळ रिबीन सोडली आणि पान भिंगाखाली ठेवलं.

“करपा आहे, मावशी. बुरशी. आताच फवारा मारला तर धान वाचते. या, तुमीच पाहा.”

मावशी डोळा लावून बसली, तोच पाहुणे आले. प्राचार्य खाकरले.

“सर, थांबा जरा,” मॅडम म्हणाल्या. “त्यायचं पाहून होऊ द्या.”

पाहुणे गुमान मावशीच्या मागे उभे राहिले.